फोटोचा हार

मी नाशिक रोडच्या रिक्षा स्टँडवर फुलं विकते. तोंड फटकळ आहे माझं, पण योगिनीसमोर नरम पडते. पुंजा रिक्षावाल्याची ही पोर. तो गेला आणि हिनं बापाची रिक्षा विकायची सोडून सरळ रांगेत लावली. तेवढ्यानंच स्टँडवरच्या बाप्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिचा नंबर कापायचे, मग टायरची हवा जायला लागली. ती आपली गपगुमान हवा भरून घ्यायची.

दसऱ्याला सगळ्या रिक्षांना माझेच झेंडूचे हार असतात. यंदा सकाळी बघते तर योगिनीच्या काचेवर तिचाच फोटो चिकटवलेला आणि त्याला निशिगंधाचा बारका हार. अगं बाई! जित्या माणसाच्या फोटोला हार? तिनं तो ओढून काढला.

दोघी चौकीत गेलो. हवालदारानं विचारलं, "हात लावला? शिवी दिली?"

"नाही."

"जातीवरून बोलले? त्याला कलम आहे."

"मी बाई आहे म्हणून करतात, साहेब," योगिनी म्हणाली.

"त्याला कुठलं कलम लावू? हारच तर घातलाय. काही झालं की या."

माझं टाळकंच सरकलं. "मेल्यावर यायचं का हिनं? जातीच्या द्वेषाला कायदा आहे, मग बाईच्या द्वेषाला का नको?" तो मोबाईल बघत बसला.

काल वाल्मीक आला. स्टँडचा म्होरक्या, मला आक्का म्हणतो. "आक्का, उद्या सकाळी निशिगंधाचा हार पाहिजे. मोठा, माणसाला पुरेल असा."

"कोण गेलं रे?" मी सवयीनं विचारलं.

"अजून कोणी नाही." हसून त्यानं योगिनीच्या रिक्षाकडे बघितलं.

"नाय देत जा, मुडद्या!" मी ओरडले. तो चिडलासुद्धा नाही, शेजारच्या फुलवाल्याकडे गेला.

मी योगिनीला सगळं सांगितलं, चार दिवस घरी बस म्हणून हात जोडले. "चार दिवस बसले तर कायमचीच बसेन, मावशी. उद्या पहिला नंबर माझाच," म्हणाली.

आज शेजारच्या दुकानात तो हार टांगलाय, पाणी शिंपडलेला. रांगेत योगिनी नाही. फोन बंद लागतोय. मी धापा टाकत चौकीत गेले.

हवालदारानं मान वर केली. "काही झालं का?"