लेकरू तोलणारे गुरुजी

कौशल्याबाईचं आणि गुरुजींचं भांडण मी आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून ऐकलेलं आहे. वीस-बावीस वर्षं झाली त्याला. सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापायला आलं होतं आणि कौशल्याबाईनं आपल्या कडूबाला शाळेतून काढून वावरात आणलं होतं. लक्ष्मीकांत गुरुजी तेव्हा नवेच. जळगाव जामोदहून फटफटीवर यायचे.

"आठ दिवस झाले, पोरगं शाळेत नाही," गुरुजी म्हणाले.

"मंग हे कोन सोंगीन? तुमचा बाप?"

"बापापर्यंत नोका जाऊ, बाई."

"तर तुमीच सोंगा. हा घ्या इळा!"

आता शहाणा माणूस असता तर निघून गेला असता. यांनी विळा घेतला, पँट वर केली आणि एका ओळीची पात धरली. दुपारपर्यंत एक पात, तीही वाकडी, वर बोट कापलेलं. कौशल्याबाई हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "न्या बाप्पा पोरगं, पन माह्या सोयाबीनले हात नोका लावू."

तेव्हापासून गावाला रीतच पडली. सोंगणी आली की ज्याच्या वावरात पोर, त्याच्या वावरात सकाळी सातला गुरुजी. एक पात सोंगायची आणि पोर घेऊन जायचं. त्यांच्या पातीत मागे शेंगा राहायच्या, त्या वेचायला वेगळी बाई लावावी लागायची. मधे त्यांच्या बदल्या झाल्या, शेवटची सहा वर्षं मात्र पुन्हा आमच्याच गावात. सोंगणं काही त्यांना आलं नाही.

यंदा त्यांच्याकडे पहिली-दुसरी. आमचा नातू प्रज्वल दुसरीत. दुसरीला या दिवसांत मोजमाप चालू होतं, म्हणजे शिक्षा आम्हाला. खाट अकरा वीत. उंबऱ्यापासून गोठा चाळीस पावलं. मी भाकरी थापत असताना हा पट्टी घेऊन बाजूला. "आजी, थांब, मोजू दे." तवा जळतो इकडे! एक दिवस माझं नाक मोजलं, साडेतीन बोटं. शाळेत जाऊन सांगितलं पण.

मी गुरुजींना रस्त्यात गाठलं. "काय शिकवून राह्यले हो तुमी लेकरायले? घरात जगू देत नाहीत."

"मोजून राह्यला ना? शाबास!" म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नाकाकडे बघितलं.

तीस सप्टेंबरला गुरुजी निवृत्त होणार होते. नवा मास्तर केव्हा येईल याचा पत्ता नव्हता, म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं की दुसरीच्या अकराही पोरांना जाण्याआधी पुस्तकाचं एक पान स्वतःचं स्वतः वाचता आलं पाहिजे. दहा वाचायला लागली. राहिली रेवती. ती कोणाची? त्याच कडूबाची. कौशल्याबाई आता नाही. कडूबा आणि त्याची बायको रुख्मिणी सोंगणीला, आणि वर्षाच्या सोहमला सांभाळायला रेवती.

गुरुजी म्हणाले, "सोहमलेही पाठवा." शाळेच्या व्हरांड्यात झोळी बांधली. एका हातानं पोरगी झोका द्यायची, दुसऱ्या हाताचं बोट अक्षरांवर. पाच-सहा ओळी यायला लागल्या होत्या.

आणि मग या माणसाला बुद्धी सुचली. जड-हलकं शिकवायचं होतं. भगवानरावाच्या दुकानातला मोठा काटा उचलून आणला. एका पारड्यात सोहम, दुसऱ्यात दप्तरं. सोहम भरला बरोबर चार दप्तरं आणि एक डबा. पोरांनी टाळ्या वाजवल्या, प्रज्वलनं घरी येऊन मला तीनदा सांगितलं. मी कपाळाला हात लावला. आमच्यात अंगावरचं लेकरू धान्यासारखं काट्यात घालत नाहीत हो! बावीस वर्षं या मातीत वावरलेल्या माणसाला एवढं कळू नये?

रात्रीतून सोहम तापला. दात येत होते त्याला, मी हिरडी पाहिली होती. पण रुख्मिणी कशाला ऐकते? दुसऱ्या दिवसापासून रेवतीची शाळा बंद.

गुरुजी चार दिवस रोज कडूबाच्या वावरात. पात सोंगायला वाकले तर रुख्मिणीनं विळाच काढून घेतला.

"गहू हाये का माहं लेकरू? तोलता काऊन?"

"अंगणवाडीत दर महिन्याले वजन करतेत ना बाई?"

"ते सरकारी वजन हाये. त्याची नजर नाही लागत!"

आणि तोच विळा घेऊन ती पातीला लागली.

तीस तारखेला सकाळी गुरुजी माझ्या दारात. अंगात इस्त्रीचा शर्ट, निरोपाचा. अकरा वाजता कार्यक्रम होता. म्हणाले, "माय, वावरात चाला. सोहमची नजर काढून द्या."

"मी? अहो, नजर-बिजर काही नसते म्हनून तुमीच शिकवता ना पोरायले? प्रज्वल माह्याशी भांडते त्याच्यावरून!"

"नसतेच. तुमी काढा."

"मंग कशाले?"

"चार ओळी राहिल्या तिच्या. काढा हो माय, वेळ नाही."

मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या बांधून घेतल्या आणि बडबडत निघाले त्यांच्या मागे. लेकरावरून उतरवलं आणि तीन दगडांच्या चुलीत टाकलं. आमच्यात असं आहे, मिरचीचा ठसका लागला नाही तर नजर होती आणि ती गेली. रुख्मिणी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी होती, तिच्याकडे धूर जातच नव्हता. गुरुजी बरोब्बर धुरात. तोंड लाल, डोळ्यांतून पाणी, गळ्याची शीर तट्ट फुगलेली, पण माणूस खोकला नाही! मी पदरात तोंड घातलं.

"आला का ठसका?" रुख्मिणीनं विचारलं.

गुरुजींनी नुसती 'नाही' म्हणून मान हलवली. बोलले असते तर खोकला फुटलाच असता.

"मोठीच नजर होती बाई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"न्या पोरीले," ती म्हणाली. "पन काट्याजवळ नोका नेऊ लेकराले."

शाळेत हार, शाल, नारळ घेऊन वामनराव सरपंच खुर्चीत चुळबुळत बसलेले. भाषणवाले आलेले. गुरुजी सरळ वर्गात. सोहम मांडीवर घेतला, रेवतीपुढे पुस्तक उघडलं. वामनराव दोनदा दाराशी येऊन गेले, मीच त्यांना हातानं थांबवलं. पोरगी अडायची, गुरुजी काही सांगायचे नाहीत, नुसते थांबायचे. सांगून टाका ना एकदाचं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पाऊण तास लागला, पण शेवटच्या ओळीपर्यंत तिची ती गेली.

"हं," गुरुजी म्हणाले. एवढंच. आणि उठून शाल पांघरून घ्यायला गेले.

भाषणं लांबली. चार वाजता सगळे पांगले. गुरुजींनी शालीचं गाठोडं फटफटीला अडकवलं, रेवतीला मागे बसवलं, तिच्या मांडीत सोहम, आणि हळूहळू वावराकडे निघाले. मी आमच्या धुऱ्यावर पोचले तेव्हा ते लेकरू रुख्मिणीच्या हातात देत होते.

"उद्या साडेदहाले पाठवजो," म्हणाले, रोज म्हणायचे तसंच, आणि फटफटी वळवली.