कोणाच्या शेजारी बसणार?

रत्नागिरीच्या बाजारात अत्तराच्या दुकानात नऊ वर्षं नोकरी केली की वासाबरोबर किस्सेही अंगाला चिकटतात. घरी जाऊन साबण लावला तरी जात नाहीत!

आमचे मालक युनूसभाई. गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला सवाल, "कोनाच्या शेजारी बसनार?" त्यांची चार वर्षांची नात आयत दम्याची. गेल्या ईदला नमाजहून आलेल्या आजोबांना बिलगली आणि तासाभरात तिला ऑक्सिजन लावावा लागला. तेव्हापासून हा अत्तरवाला स्वतः अत्तर लावत नाही.

*

कुवेतहून आलेला एक दांडगा गडी सगळ्यात कडक ऊदचं अत्तर मागत होता.

"कोनाच्या शेजारी बसनार?"

"आईच्या. दवाखान्यात हाय."

"मग कोरा जा. तिला तुझा वास कळू दे!"

त्याने काउंटरवर असा हात आपटला की बाटल्या खणखणल्या. युनूसभाईंनी शांतपणे बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. गडी कोराच गेला.

*

इंटरव्ह्यूला निघालेली एक मुलगी घामाघूम होऊन आली. "धीर येईल असं काहीतरी द्या!" मालकांनी वाळ्याच्या अत्तराचा फाया डबीत घालून दिला. "घाबरलीस की उघड नि हुंग. सायबाला कळायचं काय कारन?"

नोकरी लागली. फाया अजून पर्समध्ये आहे म्हणते.

*

एकदा मालक नसताना मी शहाणपणा केला. हेदवीचा एक मुलगा मुलगी बघायला निघाला होता. त्याला मोगऱ्याने नुसतं न्हाऊ घातलं. पोहे पुढे येईपर्यंत मुलगी अकरा वेळा शिंकली. निरोप आला, "मुलगा पसंत आहे, पण लांबूनच!"

आठवडाभर मी मालकांची नजर चुकवत होतो. दुसऱ्या भेटीला मुलगा कोरा गेला, लग्न ठरलं. आम्हालाही आमंत्रण आलं, अत्तर न लावता येण्याच्या अटीवर!

*

यंदाची ईद. नमाजनंतर जो तो अत्तर लावून गळाभेट घेतो, आणि सगळ्यांचा वास एकमेकांच्या कपड्यांना लागतो. म्हणून युनूसभाईंनी यंदा सगळ्यांना लांबूनच सलाम केला. "म्हाताऱ्याला माज चढलाय," लोक कुजबुजले.

मी त्यांच्या अंगणात शिरखुर्मा खात होतो. आयत आजोबांचं बोट धरून उभी होती. इतक्यात फाटकात त्यांचे थोरले भाऊ दाऊदभाई दिसले. होडीवरून भांडण होऊन सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. दाऊदभाई दोन्ही हात पसरून पुढे आले आणि गुलाबाचा घमघमाट त्यांच्याही आधी पोचला.

युनूसभाई एक पाऊल मागे सरले.

दाऊदभाईंचे हात तसेच हवेत. युनूसभाईंनी आयतकडे बोट दाखवलं आणि तिला पाठीशी घेतलं. दाऊदभाई वळले आणि चालू लागले. आता हे दोघे पुन्हा कधी भेटत नाहीत, असंच मला वाटलं. फार वाईट वाटलं.

अर्ध्या तासाने फाटक पुन्हा वाजलं. जुनी लुंगी, विटका बनियन, केसांतून पाणी गळतंय.

"बेसन लावून तीनदा न्हालोय," दाऊदभाई फाटकातूनच म्हणाले. "हुंगून बघ. आता येऊ?"

युनूसभाई हुंगायला पुढे झाले, ते बराच वेळ मागे आलेच नाहीत.