मायानं धरलेला डूख

डूख धरावा तर परळच्या माया गमरेनं! टेनिसमध्ये ती लागोपाठ तीन वर्षं देशाची चॅम्पियन होती, पण त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की आधी पूर्वी नावाच्या एका पोरीचा विषय काढायची. प्रेमानं नव्हे.

मायाचा बाप राजाराम माटुंग्याच्या एका जिमखान्यात मातीची कोर्टं सांभाळायचा. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या. मेंबर यायच्या आत बापलेक तिथं खेळून घेत. तेवढ्यावर पोरगी तयार झाली आणि सोळाव्या वर्षी त्याच कोर्टवर राज्याच्या फायनलला पोचली. समोर पूर्वी, जिमखान्याच्या सेक्रेटरींची लाडकी लेक.

मॅच पॉईंट मायाचा. तिचा फोरहँड पूर्वीच्या मागच्या रेघेवर पडला, चुना उडाला. पूर्वीनं बेधडक बोट वर केलं, "आऊट!" मातीवर बॉलची खूण उमटते, ती बघून अशा वादाचा निकाल लागतो. पंच खुर्चीवरून उतरायला लागले. तेवढ्यात पूर्वी रेघेपाशी उभ्या राजारामला म्हणाली, "राजाराम, लाईन साफ कर." राजाराम वाकला, झाडू फिरवला. खूण गेली. आता काय बघणार, म्हणून पंच परत वर चढले, आऊट तसाच कायम राहिला, आणि माया हातची मॅच हरली.

घरी बापानं कपाळ बडवून घेतलं. "मेंबरनं सांगितलं की हात आपसूक चालतो गं माझा. चुकून झालं." मायानं त्याला पोटाशी धरलं आणि सगळं उट्टं पूर्वीवर काढायचं ठरवलं.

आणि काढलं हो! पुण्यात, दिल्लीत, चेन्नईत, जिथं पूर्वी समोर आली तिथं सहा-शून्य, सहा-शून्य. दुसऱ्या कुणाला एखादा गेम सुटायचा, हिला नाही. पूर्वी रडत कोर्टबाहेर गेली की मायाला जेवण गोड लागायचं. शेवटी पूर्वीनं खेळच सोडला. तरी मायाचं पोट भरलं नाही. बॉल आत होता, हे तिला पूर्वीच्या तोंडून ऐकायचं होतं, तेही बापासमोर. तो बिचारा आयुष्यभर स्वतःला कोसत राहिला होता.

आता मायानं शिकवलेल्या परळ-लालबागच्या पोरी देशभर खेळतात. जिमखान्यानं कोर्टला तिचं नाव द्यायचं ठरवलं. सेक्रेटरी झालेल्या पूर्वीनंच फोन केला.

"नाव मग द्या," माया म्हणाली. "आधी घरी ये आणि बॉल कुठं पडला होता ते माझ्या बाबांना सांग."

पूर्वी आली. खाटेवर बसलेल्या राजारामसमोर तिनं हात जोडले. "राजारामकाका, बॉल आत होता. मला दिसला होता. मी खोटं बोलले."

मायाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

राजारामनं मान खाली घातली. "मलापण दिसलेला, बेबी. खूण रेघेवरच होती. तुझ्या वडलांनी आदल्या दिवशी ऑफिसात बोलावून सांगितलेलं, 'तुझी पोरगी इथं खेळते ती आमच्या मेहरबानीनं, ध्यानात ठेव.' म्हणून मी झाडू मारला. बघून मारला."

मायाला वाटलं, ओरडावं.

म्हातारा म्हणाला, "चहा टाक गं पाहुणीला. मलापण घोटभर दे."

माया आत गेली. चहा केला, दोनच कप भरले. एक पूर्वीच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन तिच्या शेजारी बसली, बापाकडे पाठ करून.