मागच्या सीटवरची माळ

आमची गाडी आमच्या मुलीपेक्षा वयाने मोठी आहे, आणि मुलगी आता कॉलेजात जाते. पांढरी, छोटी, मागच्या दारावर केळीच्या घडाचे डाग पडलेली. ऑफिसातले लोक मला विचारतात, कधी विकतोस? मी म्हणतो, ती मला विकेल तेव्हा. या गाडीविषयी कुणी वाकडं बोललं की माझं डोकं लगेच तापतं. म्हणून बायको ती बिघडली तरी तसं सरळ सांगत नाही, नुसती खिडकीबाहेर बघते.

दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की मी, बायको आणि आई गिरीजहून निर्मळला जातो. निर्मळला माझी मावशी असते, आईची धाकटी बहीण. ती काही वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. आई मागच्या सीटवर एकटी बसते आणि गाडी फाटकाबाहेर पडली की रोझरी सुरू करते. माळेचे पाच भाग, प्रत्येक भागात दहा मणी, दर मण्याला नमो मारिया ही प्रार्थना एकदा. आईचा हिशोब इतका पक्का होता, की निर्मळच्या देवळाजवळचं तळं आलं की माळ संपायची आणि ती कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढायची. मी चिडवायचो, "आई, देवळाला नमस्कार करतेस का गं?" ती म्हणायची, "करते. शेजारी आहे आपला." (आईचं बोलणं मी इथे जरा सरळ करून लिहितोय. आमची घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेरचा वाचक दुसऱ्या ओळीला पुस्तक मिटेल.)

आईचा एक नियम आहे. मणी चुकला, मोजणी विसरली, तर तो भाग पहिल्या मण्यापासून पुन्हा म्हणायचा. देवाशी अंदाजे बोलायचं नाही. आणि माळ अर्धी असेल तर गाडीतून उतरायचं नाही.

गेल्या वर्षभरात आईची माळ तळ्यापाशी संपेनाशी झाली. आधी मावशीच्या गल्लीत संपायला लागली, मग मावशीच्या फाटकाशी, आणि नंतर तर फाटकाशी गाडी बंद करून आम्ही नुसते बसून राहायचो. आई तिसरा भाग पुन्हा पहिल्यापासून म्हणतेय, आणि आतून मावशी हाका मारतेय, "आली का गं? आली असशील तर ये की आत!" रस्त्यात मला मागून ऐकू यायचं, आई मधेच थांबते, "अरे देवा" म्हणते, आणि परत सुरुवात करते. एकदा नव्हे, तीन-तीनदा.

बायको नर्स आहे. विसरण्याची अशी सुरुवात तिने वॉर्डात पाहिलेली. एका रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, "आईंना एकदा दाखवून घेऊ या का? विसरतात हल्ली." मी ताडकन म्हणालो, "माझी आई विसरत नाही." पण ते मला स्वतःलाच पटेना. कारण दर ऑक्टोबरात आमच्या वाडीत घरोघरी रोझरी होते, तिथली गेल्या वर्षीची गोष्ट मला आठवली. ती माळ माझ्या लहानपणापासून आई चालवते. ती पुढे म्हणते, बाकीचे मागून. गेल्या वर्षी मात्र घसा बसलाय म्हणून तिने ती शेजारणीकडे सोपवली आणि मागे भिंतीला टेकून बसली. घसा वगैरे काही बसलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पाववाल्याशी चांगली खणखणीत भांडली होती.

बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली, सोमवारची. मी हो म्हणालो, पण मला आतून फार भीती वाटत होती. आईची माळ थांबली तर आमच्या घरात नेमकं काय थांबेल, ते मला सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं आणि पुढून खडखड सुरू झाली. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मी काय ते समजलो. ऑफिसातल्या एकाने आचोळ्यातला एक मिस्त्री सांगितला आणि वर म्हणाला, "बोलतो फार, पण काम बघ." शनिवारी सकाळी मी पूल ओलांडून आचोळ्याला गेलो.

माणूस माझ्याच वयाचा, आवाज मात्र लाऊडस्पीकरसारखा. गाडी बघितली, बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब दिला आणि सोडला. गाडी वर-खाली, वर-खाली, थांबायचं नावच घेईना. "बघितलं सर? पाळणा झालाय. चारही शॉकअप गेलेत." म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामधली ती नळकांडी, जी धक्का आपल्या अंगावर घेतात.

मी म्हणालो, "मी रोज चालवतो. मला तर तसं काही जाणवत नाही."

"मालकाला कधीच नाही जाणवत. हातात स्टिअरिंग असतं, खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. मागे कोण बसतं?"

"आई."

"मग मागे बसा. मी चालवतो. आपली पद्धतच आहे. मालकाला मागे बसवल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाय."

मला राग आला. माझी गाडी, मी पैसे देणार, आणि हा मला मागे बसवतोय. तरी बसलो. इतक्या वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होतो. पहिल्या खड्ड्याला डोकं छताला लागता लागता राहिलं, आणि गाडी त्यानंतर तीन-चारदा हेलकावत राहिली. दुसऱ्या खड्ड्याला मी एका हाताने दारावरची मूठ धरली आणि दुसऱ्या हाताने पुढची सीट. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. हा दुसरा हात आईचा माळेचा हात आहे.

गाडीच्या आरशाला आमची एक छोटी माळ टांगलेली असते. मी मिस्त्रीला ती काढून द्यायला सांगितली आणि नमो मारिया म्हणायला लागलो. तिसऱ्या मण्यालाच गाडी उसळली, हात सीटवर गेला, मणी सुटला. परत पहिल्यापासून. या वेळी पाचवा. परत पहिल्यापासून. मिस्त्री आरशातून बघत होता. "काय सर, देवाचं नाव घ्यायला लागले? एवढं बेकार नाय चालवत मी!"

मी त्याला काय झालंय ते सांगितलं. आईची माळ, तो नियम, सोमवारची वेळ. त्याने गाडी वळवून गॅरेजात आणली. मग म्हणाला, "काम आजच करतो. संध्याकाळ होईल. थांबा इथंच."

मी थांबलो, आणि जे बघितलं ते अजून आठवतं. माणूस तोंडाने जेवढा उधळलेला, हाताने तेवढाच सावकाश. चाक काढलं, आणि आधी ब्रेकचा पाइप सुतळीने वर बांधून ठेवला. का? "त्याच्यावर वजन नको यायला. त्याचा काय दोष?" जुना शॉकअप काढून त्याने माझ्या हातात दिला. बाहेरून तेलाने माखलेला. "दाबा." मी दाबला तसा दांडा वॉशर गेलेल्या सायकल पंपासारखा भसकन आत गेला आणि तिथेच राहिला. मग नवा दिला. तो दाबायला मला अंगाचा जोर लावावा लागला, आणि सोडल्यावर तो सावकाश, दम धरून वर आला. मी तो तीन-चार वेळा उगाचच दाबला. मला तो फार आवडला.

"चारही बदलायचे?" मी विचारलं.

"जोडीने बदलायचे. एक नवा आणि एक जुना असला की संसार कसा होतो ते माहितीय ना? गाडी एका बाजूला ओढते."

वरचे फाटलेले रबर त्याने बदलले. ज्या स्प्रिंग चांगल्या होत्या त्या मात्र बदलू दिल्या नाहीत. "या अजून दहा वर्षं चालतील, उगा कशाला?" म्हणून पुसून, धुऊन परत बसवल्या. सगळ्यात मला भावली ती शेवटची गोष्ट. खालचे बोल्ट त्याने गाडी वर असताना नुसते हातापुरते आवळले. गाडी जमिनीवर उतरवली, मला म्हणाला, "मागे बसा, आईच्या जागेवर," आणि मी बसल्यावर खाली झोपून पान्याने ते बोल्ट घट्ट केले. "हवेत आवळले की रबर पिळून बसतं. गाडीवर रोजचं वजन असलं पाहिजे, तेव्हाच शेवटचा पाना मारायचा." गाडीखालून येणारा तो आवाज ऐकत मी माझ्या आईच्या जागेवर बसलो होतो, आणि त्या माणसाविषयी मला इतकं प्रेम वाटलं की डोळे भरून आले. बरं झालं, तो खाली होता.

मग पुन्हा तोच रस्ता, तेच खड्डे, मी मागे. गाडी खड्ड्यात गेली, एकदा वाकली आणि उभी राहिली. मी दहाही मणी म्हटले. पण मी म्हणजे आई नव्हे. खरं काय ते रविवारीच कळणार होतं.

घरी मी आईला काही सांगितलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघू. पण सोमवारची वेळ मी रद्द करत नाही हं." तिचंही बरोबर होतं.

रविवारी मिस्सेनंतर आई मागे बसली, सवयीने मूठ धरली आणि माळ सुरू केली. पहिला भाग न थांबता झाला. दुसराही. बायको माझ्या शेजारी ताठ बसून, ओठ न हलवता ऐकत होती. तिसराही झाला. मी इतका खूश झालो, की मुद्दाम एक खड्डा चुकवला नाही. चौथा भाग सुरू झाला, आणि मधेच आईचा आवाज बंद झाला.

मी वाट बघितली. "अरे देवा" आलं नाही. पुन्हा सुरुवातही झाली नाही. बायकोने वळून बघितलं, हात मागे नेऊन आईच्या मनगटाला लावला, आणि मग हळूच मला म्हणाली, "झोपल्यात."

या गाडीत आई कधी झोपली नव्हती. झोपणार तरी कशी, दोन्ही हातांनी धरून बसायचं म्हटल्यावर? दारावरची मूठ आता सुटलेली होती, डोकं खिडकीकडे कललं होतं. मी मावशीच्या गल्लीत वळलोच नाही. तळ्याला एक फेरी मारली, मग आणखी एक. देवळाबाहेर फुलं विकणारी बाई आमच्याकडे बघत राहिली. शेवटी मावशीच्या फाटकाशी येऊन मी गाडी बंद केली.

आवाज थांबला तशी आईने डोळे उघडले, आणि डोळे उघडता उघडताच पुढची नमो मारिया सुरू केली.

बायकोने माझा हात घट्ट धरला. "सातव्यावर झोपल्या होत्या," ती कुजबुजली. "मी मोजत होते. हा आठवा." मी आरशात बघितलं. आईच्या अंगठ्याने आणि बोटाने तो मणी चिमटीत धरलेला होता, झोपेतसुद्धा. आठवा, नववा, दहावा. मग पाचवा भाग, पूर्ण. मग क्रूस.

आतून मावशीची हाक आली. आई उतरली नाही. माळ मांडीवर ठेवून ती म्हणाली, "गाडीचं काय केलंस रे?"

मी सगळं सांगितलं. आचोळ्याचा मिस्त्री, मागची सीट, माझ्या हातून सुटलेले मणी. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पदराने पुसलंही नाही.

"म्हणजे गाडी होती," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच डोकं चाललं. कुणाला सांगू, म्हणून घसा बसला सांगितलं."

बायकोने उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. आई एक पाय बाहेर टाकून थांबली.

"त्या मिस्त्रीचं नाव विचारून ठेव," ती मला म्हणाली. "ऑक्टोबरात पहिल्या दिवशी वाडीत माळ मी चालवणार. त्यात देवापुढे त्याचं नाव घ्यायचंय."