कूलरच्या भरवशावर आणलेला हस्की

कुत्रा माझ्यासाठी आणायचा होता, हे आधीच सांगून टाकते. लोकांना अजून वाटतं, यांच्यासाठी आणला.

दिवाळीनंतर इथं नागपुरात यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. धंतोलीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, रोज चालायचं. पण प्रताप नगरातल्या आमच्या घरी येऊन हे पलंगावर बसले ते बसलेच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "जिन्यातच काही झालं तर?" हे त्यांचं एक पालुपद. आणि मी चप्पल घातली रे घातली की दुसरं सुरू, "तू गेल्यावर काही झालं तर?" भाजीसुद्धा मी बाल्कनीतून टोपली सोडून घ्यायचे.

तिकडे पारशिवनीला माझी मोठी बहीण संक्रांतीच्या सुमारास अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आई नव्हती म्हणून माझं बाळंतपण करणारी ही बहीण. एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, एवढंच अंतर. ती रोज फोनवर विचारायची, "काहून वं, कधी येऊन राहिली?" आणि मी रोज म्हणायचे, "येईन ना, यांचं जरा होऊ दे." असा राग यायचा! यांचा यायचा, त्या जिन्याचा यायचा आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या गोड आवाजाचा.

कुत्र्याची कल्पना बंगलोरला असलेल्या आमच्या मुलीची. बाबांना सोबत होईल, त्या निमित्तानं ते खाली उतरतील आणि आई, तू सुटशील. तिनं बजावलं होतं, कुत्रा जावई बघतो तसा बघायचा, स्वभाव आधी, रूप मागून. मी मन लावून बघितलं. भुंकून सोसायटी डोक्यावर घेणारा नको, दिवसभर पळवणारा नको. एक लॅब्राडोर कुत्री सापडली, वयानं पोक्त, माणसाच्या पायाशी बसून राहणारी. तिच्या घरचे लोक गाव सोडून चालले होते. मी यांना मोबाईलवर तिचा फोटो दाखवला आणि तिथंच घात झाला, कारण पुढचा फोटो एका हस्कीचा होता. वर्षाचा, पांढरा-करडा, निळ्या डोळ्यांचा.

"अबब! काय डोळे आहेत!" हे उठून बसले.

"अहो, तो बर्फातला आहे. आपला मे महिना माहीत आहे ना?"

"मग कूलर आहे ना आपल्याकडे!"

आता यावर नागपूरच्या माणसाशी वाद घालून दाखवा. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवायचा, धुवायचा, जाळ्यांत वाळ्याचा नवा खस लावायचा, पंप तपासायचा आणि मग सूर्याला म्हणायचं, ये आता. आमच्या यांचा डॉक्टरवर नसेल एवढा विश्वास कूलरवर. पण किती महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसलं होतं. मी हो म्हटलं.

फेब्रुवारीत हस्की आला तेव्हा हवा छान होती, पण त्याला आवरणं यांच्या हातचं नव्हतं. एक हिसका दिला की माणूस आडवा. म्हणजे फिरवायचा मीच, तेही दहा मिनिटांत परत, कारण वरून हाक यायचीच. मी एकटी बाहेर निघाले की तो दाराशी बसून मान वर करून रडायचा. भुंकणं नाही, सरळ गळा काढायचा. आतून हे, "ऐकतेस ना, तो किती रडतो?" घ्या! आधी एक होता, आता दोन झाले.

एप्रिलमध्ये त्यानं कूलरपुढे ठाण मांडलं. मग टाकीत पाय घातले. मग एका दुपारी सगळा खस ओरबाडून काढला आणि त्या ओल्या काड्यांवर स्वतः पसरला. कूलर गरम हवा फेकायला लागला. एसी फक्त झोपायच्या खोलीत. तेव्हापासून सकाळी उन्हं तापली की आम्ही तिघं त्या एका खोलीत, पडदे ओढून, दार लावून. हे पलंगावर, तो फरशीवर आणि मी खुर्चीवर. त्याचे निळे डोळे सारखे दाराकडे. माझेही. त्या खोलीत कोणी ओरडलं असतं तर ते मीच असते.

मे महिन्यात कूलरला नवा खस लावायला माणूस आला. भर दुपार. मी कणीक मळत होते. तो जुन्या जाळ्या बाहेर ठेवायला गेला, दार उघडं राहिलं आणि कुत्रा सुसाट जिन्यावरून खाली. मी ओरडले, "अहो, गेला!" हात धुऊन येते तोवर पलंग रिकामा. यांच्या चपला दाराशीच होत्या.

मी बाल्कनीत धावले. खाली डांबर नुसतं तापलेलं. बनियनवर, अनवाणी, हे रस्त्यावरून पळत होते. पळत! मी तिथंच रडायला लागले. वाटलं, आता पडतील. पडले नाहीत. कोपऱ्यावरच्या निंबाखाली कुत्रा जीभ काढून पडला होता. यांनी समोरच्या घरून पाण्याचा पाइप मागून घेतला, त्याला भिजवलं आणि पट्टा धरून वर आणलं. तिन्ही जिने. न थांबता.

तळपायाला फोड आले होते. मी मलम लावत होते तर म्हणतात, "चटके बसले, पण छातीत काही नाही झालं."

मी मलमाची डबी बंद केली. "ऐकलं मी," म्हटलं. "फोड सुकले की मी पारशिवनीला जाणार."

यांनी पाय जवळ ओढून घेतले.

आणि मी गेले. निघताना कुत्र्यानं गळा काढला, मी जिना उतरत राहिले. बहिणीनं पलंगावरूनच मला पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "सुटली का वं?" म्हणाली. मी तिच्या कुशीत डोकं घातलं. म्हातारीनं माझे केस विंचरून दिले, एका हातानं.

चहा होतोय तोच यांचा फोन. मागे रडणं ऐकू येत होतं.

"तो दाराशी बसून तुझी वाट पाहून राहिला."

"आणि तुम्ही?"

आधी त्याला चुचकारल्याचं ऐकू आलं. मग, "मी पण."

एवढ्या महिन्यांत, काही झालं तर, काही झालं तर, एवढंच ऐकलं होतं. हे पहिल्यांदा ऐकलं. शेवटची एसटी अजून मिळाली असती. बहीण माझ्याकडे बघत होती, कंगवा हातात तसाच.

"उन्हं उतरली की त्याला खाली फिरवून आणा," मी म्हटलं. "मी उद्या येईन."