अटीकाकांची डीलक्स खोली

विमा विकणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी कॉलनी अटीकाका म्हणायची. लोकांना पॉलिसीवर सही करून मोकळं व्हायचं असायचं आणि हे चष्मा पुसून बारीक अक्षरातली एकेक अट मोठ्याने वाचायचे. गिऱ्हाईक जांभया द्यायचं. घरी जेवताना त्यांनी अटींचा विषय काढला, की बायको पानात भाजी वाढून त्यांना गप्प करायची.

एके दिवशी त्यांचं अपेंडिक्स फुटलं. तातडीने ऑपरेशन झालं, हॉस्पिटलचे फॉर्म मुलाने भरले. काकांना नीट शुद्ध आली तेव्हा समोर सोफा होता आणि भिंतभर टीव्ही.

"कोणती खोली ही?"

"डीलक्स. दिवसाला दहा हजार," मुलगा म्हणाला. "पॉलिसीत पाचच बसतात. वरचे पाच मी भरतो, बाबा."

काकांनी डोळे मिटले. "नुसते वरचे पाच नाही रे. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, की आपल्या पॉलिसीत डॉक्टरची, ऑपरेशनची, नर्सिंगची फीसुद्धा निम्मीच मिळते. औषधं तेवढी या कपातीतून सुटतात. बाकीचं आपल्या डोक्यावर."

मुलाचा चेहरा उतरला. "हे कधी सांगितलंत तुम्ही?"

"दर रविवारी. जेवताना."

खोली बदलून मिळते का ते विचारायला मुलगा तडक उठला.

"बस खाली," काका म्हणाले. "ऑपरेशनचं बिल या खोलीच्या दराने लागून गेलं. आता तो रिमोट दे इकडे. एवढा महाग टीव्ही बघायचा योग पुन्हा यायचा नाही."