ओढ्यातल्या अळ्या आणि आमचे दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कपाशीची पाकिटं रचत होतो. "अक्कानं सांगितलंय, तुमी येऊ नका," एवढं बोलून त्यांच्या शेजाऱ्यानं फोन ठेवला. तरी गेलो. सख्ख्या बहिणीचा नवरा... पण माती द्यायला वाकलो तशी अक्का म्हणाली, "तू न्हाई." सगळ्यांनी ऐकलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. पण आमचं पटत नव्हतं, ते लपवून काय लिहू? दाजी पाटोद्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, माझं केजला बियाण्याचं दुकान. बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं कपाशीचं नवं बियाणं आलं आणि माझ्या दारात रांग लागली. दाजींचं मात्र भलतंच. शेतातला पाला ओढ्यात वाहून जातो, त्यावर जगणाऱ्या किड्यांचं काय? ओढ्यातल्या दगडांखाली वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधणारी एक अळी ते सगळ्यांना दाखवायचे. दोन परातींत ओढ्याचं पाणी, एकीत जुन्या कपाशीचा पाला, दुसरीत नव्या. दुसरीतल्या अळ्या खुरटल्या. "एवढ्यानं सिद्ध काही होत न्हाई, पर कुणीतरी तपासाया पायजे," असं स्वतःच म्हणायचे. अर्ज करकरून थकले. कुणी तपासलं नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी ती परात घेऊन ते थेट माझ्या दुकानासमोर बसले. गिऱ्हाईक मला सोडून त्यांच्याभोवती.

"दाजी, उठा. धंद्याची येळ हाय."

"बोंडअळीनं कापूस खाल्ला, तिला मार. ह्या अळीनं तुझं काय घोडं मारलं बे?"

लोक हसले. मी परात लाथाडली. दाजी उकिडवे बसून धुळीतल्या अळ्या एकेक करून ओल्या रुमालात वेचत राहिले. मग लोक त्यांना हसले... सगळ्यात मोठ्यानं मी. त्यानंतर माझ्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नाही, मीही बोलावलं नाही. त्यांनी भर बाजारात यायला नको होतं, हे मी आजही म्हणतो.

परवा पाटोद्याला गेलो. घराला कुलूप. ओढ्यावर बघा, असं शेजारीण म्हणाली. अक्का गुडघाभर पाण्यात उभी होती. एकेक दगड उलटून खालची बाजू निरखायची, पुन्हा होता तसा ठेवायची. दाजींची ही रोज सकाळची सवय. ते होते तोवर ती कधी तिकडं फिरकली नव्हती. मी चपला काढल्या, पाण्यात पाय घातला.

"भाईर ऱ्हा," मान वर न करता ती म्हणाली. "पाणी गढूळ करू नको."